उत्क्रांती आणि सजीवांचे प्रतिसाद शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवणारे शिक्षक, घरी अभ्यास घेणारे पालक आणि पुस्तकाच्या पलीकडचं विचारणारी मुलं यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. एखादा जीव स्वतःच्या आयुष्यात बदलतो ते वेगळं, आणि जीवांचा समूह पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातो ते वेगळं. हा फरक मुलांच्या डोक्यात पक्का बसला की दोन्ही प्रकरणं सोपी जातात. म्हणून उत्तरांमध्ये मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

दोन्हीपैकी कोणतं प्रकरण आधी घ्यावं?

प्रतिसाद आधी. खिडकीकडे वळलेलं रोप, मिटलेली लाजाळू, गुडघ्यावर टिचकी मारताच उडणारा पाय हे सगळं मुलांना डोळ्यांनी दिसतं. उत्क्रांतीसाठी मात्र कल्पनेला ताण द्यावा लागतो. पण दोन प्रकरणांमध्ये महिनेच्या महिने गेले तर दुवा तुटतो. प्रतिसादाच्या शेवटच्या तासाला फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवा: ‘वळण्याची ही क्षमता या रोपात आली कुठून?’ उत्क्रांतीचा पहिला तास तिथूनच सुरू करता येतो.

मुलं दोन्हींना ‘परिस्थितीशी जुळवून घेणं’ म्हणतात. फरक कसा समजवावा?

एकच परिस्थिती घ्या आणि तिच्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दाखवा. माझ्या मते यासाठी उंच पठारावरच्या विरळ हवेइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

समुद्रसपाटीला राहणारा माणूस चार हजार मीटर उंचीवर राहायला गेला, तर त्याच्या रक्तात ऑक्सिजन कमी पोहोचतो. मूत्रपिंडं ही कमतरता ओळखून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडतात. त्यामुळे अस्थिमज्जा जास्त तांबड्या रक्तपेशी तयार करते आणि काही आठवड्यांत रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं. माणूस खाली परत आला की ते पुन्हा कमी होतं. इथपर्यंत सगळा प्रतिसाद आहे. त्याच्या मुलांना वाढलेलं हिमोग्लोबिन वारशात मिळत नाही.

आता तिबेटी लोकांकडे पाहा. हजारो वर्षं पठारावर राहिलेल्या या समूहात ईपीएएस1 या जनुकाचं एक विशिष्ट रूप बहुसंख्य लोकांमध्ये आढळतं, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून समोर आलं. गंमत अशी की हे रूप हिमोग्लोबिन वाढवत नाही, उलट ते फार वाढू देत नाही. तांबड्या पेशी बेसुमार वाढल्या की रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो आणि गर्भारपणात धोका वाढतो. हे रूप ज्यांच्याकडे होतं त्यांची मुलं जास्त जगली आणि ते समूहात पसरत गेलं. ही उत्क्रांती.

या उदाहरणाचा खरा फायदा पुढे आहे. मुलांना वाटतं की प्रतिसादच हळूहळू पक्का होऊन वारशात उतरतो. इथे तर प्रतिसादाची दिशा एक आणि उत्क्रांतीची दुसरीच. ते पाहिल्यावर हा समज टिकत नाही.

मग प्रतिसादाचा आणि आनुवंशिकतेचा काहीच संबंध नाही का?

संबंध आहे, आणि घट्ट आहे. प्रतिसादातून झालेला बदल वारशात जात नाही, पण प्रतिसाद देण्याची क्षमता जाते.

उत्तर अमेरिकेतला स्नोशू ससा उन्हाळ्यात तपकिरी आणि हिवाळ्यात पांढरा असतो. दिवस लहान होत चालल्याचं त्याच्या शरीराला कळतं आणि केस बदलतात. त्याचा रंग बदलण्याचा संबंध दिवसाच्या लांबीशी आहे, बर्फाशी थेट नाही. म्हणून ज्या वर्षी बर्फ उशिरा पडतो त्या वर्षी मातकट जमिनीवर पांढरा ससा उठून दिसतो आणि शिकाऱ्याच्या तावडीत सापडतो. दुसरीकडे, जिथे बर्फ कमीच पडतो अशा किनारपट्टीच्या भागात याच जातीचे ससे हिवाळ्यातही तपकिरीच राहतात आणि तो फरक अगुटी नावाच्या जनुकातला आहे. म्हणजे कधी बदलायचं, बदलायचं की नाही, हेही जनुकांवर ठरतं आणि त्यावरही निवड चालते.

डॅफ्निया हा पाण्यातला इवलासा जीवही इथे सांगण्याजोगा आहे. शिकारी जीवांनी पाण्यात सोडलेली रसायनं जाणवली की काही डॅफ्नियांच्या डोक्यावर टोपीसारखा उंचवटा किंवा मागे काटा वाढतो. त्याच जनुकांचा डॅफ्निया शिकारी नसलेल्या पाण्यात वाढला तर तो साधाच राहतो.

‘जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली’ हे मुलांच्या डोक्यातून जात नाही. काय करावं?

‘लामार्क चुकला, डार्विन बरोबर’ एवढं सांगून ते जात नाहीच. आयुष्यात मिळवलेला बदल पिल्लांत उतरतो, असं फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने 1809 मध्ये जे मांडलं ते त्या काळी समंजसच वाटणारं होतं आणि मुलं स्वतःच्या विचाराने तिथेच पोहोचतात. त्यांना पुरावा दाखवावा लागतो.

एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांचा 1952 मधला प्रयोग फळ्यावर काढून दाखवा. एका बशीत जीवाणूंच्या शेकडो वसाहती वाढवल्या. मखमलीचं कापड लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवलं आणि ते बशीवर अलगद दाबलं. प्रत्येक वसाहतीतले थोडे जीवाणू मखमलीच्या तंतूंना चिकटले. मग तोच ठोकळा प्रतिजैविक घातलेल्या दुसऱ्या बशांवर एकामागून एक दाबला. वसाहतींचा नकाशा जसाच्या तसा उमटला. औषधाच्या बशांमध्ये जवळजवळ सगळे जीवाणू मेले, पण मोजक्या जागी वसाहती वाढल्या, आणि प्रत्येक बशीत त्या त्याच जागी वाढल्या.

इथे थांबून वर्गाला विचारा: ‘औषध लागल्यावर जीवाणू बदलले असते, तर वसाहती कुठे उगवल्या असत्या?’ थोडा वेळ द्या. कोणीतरी म्हणतंच, ‘कुठेही, प्रत्येक बशीत वेगळ्या जागी.’ मग शेवटचा टप्पा सांगा. मूळ बशीत त्याच जागांवरून घेतलेले, औषध कधीच न पाहिलेले जीवाणू आधीपासूनच औषधाला पुरून उरणारे निघाले. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, आधी झालं होतं, औषधाने फक्त निवड केली. जिराफाकडे यानंतर परत या, आधी नको.

प्रतिजैविक सारखं घेतलं की शरीराला त्याची सवय होते, हे बरोबर आहे का?

नाही. बदलतो तो जीवाणूंचा समूह, रुग्णाचं शरीर बदलत नाही. म्हणूनच ज्याने आयुष्यात एकदाही ते औषध घेतलेलं नाही त्यालाही औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूचा संसर्ग होऊ शकतो. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल व्याख्यानातच या धोक्याचा इशारा दिला होता. उत्क्रांती कशाला शिकायची असं विचारणाऱ्या मुलाला एवढं उत्तर पुरे.

नैसर्गिक निवडीचा वर्गात घेता येईल असा खेळ आहे का?

आहे, आणि त्याला एका तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. फुलाफुलांचं रंगीत कापड टेबलावर पसरा. त्यावर पाच रंगांचे प्रत्येकी दहा कागदी तुकडे टाका. मुलं ‘पक्षी’ होऊन, एका वेळी एक, पटकन दिसेल तो तुकडा उचलतील. पंचवीस उचलले की थांबा. उरलेल्या प्रत्येक तुकड्याला त्याच रंगाचं एक ‘पिल्लू’ द्या. पुन्हा पन्नास झाले. असं तीन-चार पिढ्या चालवून प्रत्येक पिढीतली संख्या फळ्यावर लिहा.

खेळ संपल्यावर एकच प्रश्न विचारा: ‘एखाद्या तुकड्याने रंग बदलला का?’ हा प्रश्न विसरलात तर तास फुकट गेला असं समजा, कारण खेळाचा सगळा अर्थ त्यात आहे. एकाही तुकड्याचा रंग बदलला नाही, तरी समूहाचा रंग बदलला.

वेळ असेल तर तोच खेळ डोळे बांधून घ्या. निवड नाही, तरी रंगांचं प्रमाण इकडे-तिकडे होतंच. केवळ योगायोगानेही समूहात बदल होतो, हे सांगायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. बहुतेक वर्गांत हा भाग वगळला जातो, तो वगळू नये.

उत्क्रांती प्रत्यक्ष घडताना कोणी पाहिली आहे का?

हो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने 1973 पासून गॅलापागोसमधल्या डाफ्ने मेजर या छोट्या बेटावर फिंच पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षं मोजल्या. 1977 च्या अवर्षणात मऊ, लहान बिया संपल्या आणि कठीण, मोठ्या बिया उरल्या. मध्यम आकाराच्या भू-फिंचांपैकी सुमारे 15 टक्केच वाचले आणि त्यात जाड चोचीचे जास्त होते. त्यांच्या पिल्लांची चोच सरासरीने सुमारे 4 टक्के जाड निघाली. 1983 मध्ये धो धो पाऊस झाला, लहान बियांचा सुकाळ झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत पारडं लहान चोचीच्या बाजूला झुकलं. उत्क्रांतीला ठरलेली दिशा नसते, हे मुलांना इथे आपोआप कळतं.

रिचर्ड लेन्स्की यांनी 1988 मध्ये एकाच जीवाणूपासून सुरू केलेले बारा समूहही सांगावेत. सुमारे 31,500 पिढ्यांनंतर त्यातल्या एका समूहाला ऑक्सिजनच्या उपस्थितीत सायट्रेट हे रसायन खाता येऊ लागलं. ते भोवती पहिल्या दिवसापासून होतं, तरी बाकीच्या अकरा समूहांना तोपर्यंत ते जमलं नव्हतं. ‘गरज होती म्हणून गुण आला’ असं म्हणणाऱ्यांना हे ऐकवावं.

काळ्या-पांढऱ्या पतंगाचं उदाहरण खोटं ठरलं म्हणतात. ते शिकवायचं थांबवावं का?

थांबवू नका. ते उलट जास्त तपशिलात शिकवा.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ 1848 मध्ये ठिपक्यांच्या पतंगाचा काळा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला. काजळीने झाडं काळवंडली आणि शतक संपता संपता तिथले बहुतेक पतंग काळे झाले. 1950 च्या दशकात बर्नार्ड केटलवेल यांनी पक्षी कोणते पतंग जास्त खातात हे तपासलं. त्यांच्या पद्धतीवर नंतर वाजवी आक्षेप आले. पतंग दिवसा झाडाच्या बुंध्यावर सोडले होते आणि पुस्तकांतली काही छायाचित्रं मुद्दाम जुळवून काढलेली होती. तिथून ‘सगळंच बनावट’ अशी हाकाटी सुरू झाली.

मायकेल मॅजेरस यांनी 2001 ते 2007 या काळात केंब्रिजमध्ये हे आक्षेप ध्यानात घेऊन प्रयोग नव्याने केला, 4,864 पतंग सोडून. ते 2009 मध्ये वारले, त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवा स्वच्छ झालेल्या त्या काळात पक्षी काळे पतंगच जास्त टिपत होते. 2016 मध्ये काळ्या रंगामागचा जनुकीय बदलही सापडला. शंका आली, तपासणी झाली, निष्कर्ष आणखी पक्का झाला. विज्ञान कसं चालतं हे शिकवायला एवढं भरलेलं उदाहरण शाळेच्या अभ्यासात क्वचितच मिळतं.

माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत?

आजच्या कोणत्याही माकडापासून माणूस झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा एक सामाईक पूर्वज सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होता, त्याच्यापासून दोन्ही फांद्या निघाल्या. चुलत भावंडं आहेत म्हणून आपण नसायला हवं, असं कोणी म्हणत नाही. मोठ्या मुलांना पुरावा हवा असेल तर गुणसूत्रांचा द्या: चिंपांझीत 24 जोड्या, माणसात 23, आणि माणसाचं दुसरं गुणसूत्र म्हणजे दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालेलं एक गुणसूत्र, हे त्यातल्या डीएनएच्या रचनेवरून दिसतं.

मधले दुवे सापडले आहेत का?

बरेच. पण वर्गात यादी वाचण्यापेक्षा टिक्टालिकची शोधकथा सांगा. पाण्यातले मासे आणि जमिनीवरचे चतुष्पाद यांच्यामधला प्राणी साधारण 37.5 कोटी वर्षं जुन्या, उथळ प्रवाहांत साचलेल्या खडकांत असायला हवा, असं गणित नील शुबिन आणि सहकाऱ्यांनी मांडलं. तसे खडक उत्तर कॅनडातल्या एल्समीर बेटावर उघडे पडले होते. अनेक मोहिमांनंतर 2004 मध्ये तो तिथेच सापडला. खवले आणि पर माशाचे, पण मान मोकळी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं. तो आपला थेट पूर्वजच असेल असं नाही, त्या टप्प्यावरचा एक नातेवाईक नक्की आहे. आधी भाकीत आणि मग शोध, हा क्रम मुलांच्या लक्षात राहतो.

वनस्पतींच्या प्रतिसादाचा कोणता प्रयोग हमखास जमतो?

मक्याचे कोवळे अंकुर. दाणे भिजवून ओल्या मातीत पेरा आणि चार-पाच दिवस पूर्ण अंधारात ठेवा. मातीतून वर आलेल्या टोकदार, फिकट नळीसारख्या आवरणाच्या आत पहिलं पान गुंडाळलेलं असतं. ही नळी दोन-तीन सेंटिमीटर झाली की प्रयोग लावा. काही अंकुरांच्या शेंड्यावर ॲल्युमिनियम फॉइलची छोटी टोपी बसवा, काहींच्या शेंड्याखाली फॉइलची पट्टी गुंडाळा, काही तसेच सोडा. एका बाजूला भोक पाडलेल्या खोक्यात ठेवून भोकासमोर दिवा लावा. काही तासांत उघडे आणि पट्टीवाले अंकुर उजेडाकडे झुकतात, टोपीवाले सरळ राहतात. प्रकाश जाणवतो शेंड्याला, वाकतो मात्र त्याखालचा भाग.

एक काळजी घ्या. पानाने नळी फोडून बाहेर डोकं काढलं की प्रयोग बिघडतो. त्यामुळे उशीर करू नका, आणि फॉइलच्या वजनाने अंकुर कलत नाही ना तेही पाहा.

याच धर्तीचा प्रयोग चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिस याच्यासह गवताच्या अंकुरांवर केला आणि 1880 मध्ये प्रसिद्ध केला. नैसर्गिक निवड मांडणारा माणूस आणि प्रकाशानुवर्तन तपासणारा माणूस एकच होता. दोन्ही प्रकरणं जोडायला आणखी काय हवं! शेंड्याकडून खाली जाणारा हा संदेश म्हणजे ऑक्झिन हे संप्रेरक, हे पुढे 1920 च्या दशकात फ्रिट्स वेंट यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं.

ऑक्झिनमुळे खोड वर वळतं आणि मूळ खाली. एकच संप्रेरक उलटसुलट कसं वागतं?

रोप आडवं ठेवलं की दोन्हीकडे ऑक्झिन खालच्या बाजूलाच जास्त साठतं. खोडाच्या पेशी त्यामुळे जास्त लांबतात, मुळाच्या पेशींची वाढ तेवढ्याच ऑक्झिनने मंदावते. एकच संदेश, ऐकणाऱ्या पेशी वेगळ्या.

लाजाळूचं मिटणं हे अनुवर्तन का नाही?

कारण स्पर्श कुठूनही झाला तरी पानं एकाच पद्धतीने मिटतात. अनुवर्तनात उद्दीपन कोणत्या दिशेने आलं त्यावर वळण ठरतं. शिवाय लाजाळूत वाढ होत नाही, पानाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशींतून पाणी बाहेर पडतं.

मग वनस्पतींना वेदना होतात का?

वेदनेसाठी लागणाऱ्या चेतापेशी आणि मेंदू वनस्पतींत नाहीत, त्यामुळे तसं म्हणायला आधार नाही. पण संदेश त्यांच्यात नक्कीच धावतात. जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूतल्या विद्युत संदेशांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काम केलं होतं. पान कुरतडलं की कॅल्शियमची लाट दूरच्या पानांपर्यंत पोहोचते, हे 2018 मध्ये चमकणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने प्रत्यक्ष दिसलं. मुलांचं कुतूहल मोडू नका, मात्र मानवी भावना वनस्पतींवर लादूही नका.

दुसऱ्याने वरून सोडलेली मोजपट्टी बोटांत पकडणं ही प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून शिकवावी का?

नको, ही फार पसरलेली चूक आहे. पट्टी डोळ्यांनी दिसते, मेंदू ठरवतो आणि मग बोटं मिटतात. पट्टी 20 सेंटिमीटर घसरली तर साधारण 0.2 सेकंद लागलेले असतात. गुडघ्याच्या टिचकीचा मार्ग मेरुरज्जूतून परस्पर जातो आणि सुमारे 0.05 सेकंदात स्नायू आकसू लागतो. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की मेरुरज्जूतल्या जवळच्या वाटेचा फायदा मुलांना कळतो. सरावाने पट्टीची वेळ सुधारते का हे त्यांनाच मोजू द्या.

घरच्या श्रद्धेमुळे एखादं मूल उत्क्रांती नाकारत असेल तर?

त्याला वर्गासमोर उभं करून वाद घालू नका. तासाचा विषय पुरावा हा आहे, त्याची श्रद्धा हा नाही. आधुनिक उत्क्रांतिशास्त्राच्या उभारणीतले थिओडोसियस डोबझान्स्की स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते, हे अशा मुलाला ऐकून बरं वाटतं. पण पुरावा पातळ करून सांगायचा नाही, आणि ‘हे एक मत, ते एक मत’ असंही म्हणायचं नाही. त्यात त्या मुलावरही अन्याय होतो.

परीक्षेत समज कशी तपासावी?

व्याख्या विचारून समज कळत नाही. प्रसंग द्या. उदाहरणार्थ: गप्पी माशांच्या नरांवर रंगीत ठिपके असतात. शिकारी मासे असलेल्या पाण्यात काही पिढ्यांनंतर ठिपके कमी आणि लहान झालेले दिसतात. कारण लिहा. (जॉन एंडलर यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असंच दिसलं होतं.)

उत्तरात तीन गोष्टी शोधा. नरांमध्ये ठिपक्यांचे फरक आधीपासून होते, भडक नर जास्त खाल्ले गेले, उरलेल्यांचे गुण पिल्लांत उतरले. ‘माशांनी स्वतःला लपवण्यासाठी ठिपके कमी केले’ असं लिहिलं असेल तर भाषा कितीही सुंदर असो, पूर्ण गुण देऊ नका. उत्तर परत द्या आणि शेजारी लिहा: ‘कोणत्या माशाने, आणि केव्हा?’ पुढच्या तासाला त्याच प्रश्नाला जोड द्या: एखादा मासा शिकारी दिसताच तळाशी जाऊन निश्चल राहिला, तर हे उत्तर कसं बदलेल?